घरच्या लॅपटॉपवरचं जुनं ऑफिस

८ सप्टें., सोमवार
शाळेतले संगणक झाले एकदाचे. कॉपी मारलेलं जुनं एमएस-ऑफिस काढलं, फुकटचं पण कायदेशीर टाकलं. प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी, म्हणजे आमच्या हे.मा.नी, मला बोलायला लावलं. 'चोरीचं वापरून पोरांना प्रामाणिकपणा काय शिकवणार?' वगैरे. टाळ्या. छाती फुगली होती, नाही कशाला म्हणू.

१० सप्टें.
चाचणीच्या निकालाची शीट नव्यात उघडली. सूत्रं सगळी गंडली, नापास पोरगं वर्गात पहिलं! घरच्या लॅपटॉपवर जुनंच आहे अजून, तेही कॉपीचं. तिथं केलं, छापून नेलं. हे.मा. स्टाफरूमभर दाखवत फिरले, "बघा, महेश सरांनी नव्यावर काढलं." मी मान डोलावली. या वेळेपुरतंच.

१५ सप्टें.
शारदाअक्का. मराठीच्या, मलाही त्यांनीच शिकवलेलं. दहावीची सहामाही प्रश्नपत्रिका कायम त्यांची. त्यांच्या जुन्या फाइली नव्यात उघडल्या की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. बोटांना जुनाच कीबोर्ड पाठ.
"महेश, मला जमंना रे."
"मन लावलं की जमतंय, अक्का." सगळ्यांसमोर म्हणालो. कुणीतरी हसलं. कशाला बोललो तसं?

१८ सप्टें.
अक्कांनी पत्रिका हातानं लिहून दिली. हे.मा. म्हणाले, भालकीचा प्रेसवाला टाइप केलेलंच घेतो. सोमवारपर्यंत नाही झालं तर यंदा मराठीची पत्रिका मी काढायची. मी! गणिताचा माणूस. टाइप करून देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "माझं काम मीच करत आलेय."

१९ सप्टें.
शाळा सुटल्यावर अक्का पेनड्राइव्ह घेऊन आल्या. "तुझ्या घरच्या मशीनवर तरी उघडतंय का बघ की."
"घरी बी नवंच हाय, अक्का." तोंडावर खोटं बोललो, पापणीही लवली नाही.
"व्हय? बरं, बघ तर."
घरी लावला. काना-मात्रा सगळं जागच्या जागी. इथं बसल्या असत्या तर एका बैठकीत पत्रिका झाली असती. पण मग माझं भाषण...
बायको, "जेवत कामून न्हाई?" पोटाचं कारण सांगितलं. लाज वाटते, दुसरं काही नाही.

२२ सप्टें., सोमवार
लॅपटॉप पिशवीत घालून नेला. आज सांगून टाकायचंच. मी तोंड उघडायच्या आत हे.मा.च म्हणाले, "अक्का, तुमच्यापुरतं एका मशीनवर जुनं टाकू. कुणाला कळायलंय?"
"नको सर. यानं पोरांसमोर सांगितलंय, चोरीचं वापरायचं न्हाई म्हणून. माझा विद्यार्थी हाय. त्याचा शब्द मी कामून मोडू?"
पत्रिका माझ्याकडं आली. पिशवी पायाशीच होती. उघडली नाही.
मधल्या सुट्टीत अक्का शेजारी येऊन बसल्या. "चल, नव्यावर 'अ' कुठं हाय, दाव."
दाखवला.
पिशवी पायानं आणखी आत सरकवली.