माझी पेटी, माझी पद्धत

४ मार्च
वही जानेवारीत घेतली, पहिलं पान आज. मधले दोन महिने मनातल्या मनात लिहीत होतो, ते धरायचे. या गावाला कोको शिकवायला संशोधन केंद्राने मला पाठवलंय. माझं ट्रेनिंग तीन दिवसांचं. त्यातला एक दिवस नदी बघण्यात गेला. तरी या लोकांपेक्षा पुष्कळ.

५ मार्च
पेटी भरली. लाकडी पेटीत कोकोच्या ओल्या बिया, वर केळीची पानं. सहा दिवस आंबवायच्या, दर दोन दिवसांनी उलटवायच्या, मग वाळवायच्या. यातला एक किलो नमुना शहरातल्या व्यापाऱ्याकडे पाठवायचा. पास झाला तर गावाचा सगळा माल तो थेट घेणार, दलाल बाद. शेजारच्या काकूंनी अंगणात स्वतःची वेगळी पेटी भरली. असू दे हाताशी, म्हणे. विज्ञानावर विश्वासच नाही.

७ मार्च
उलटवायचा दिवस. पण टपरीवर एकाने मोटरसायकलचं इंजिन उघडलं होतं. बघत बसलो. बिया काही पळून जात नाहीत.

८ मार्च
पेटीला व्हिनेगरसारखा वास. अडाण्यांनी काहीतरी मिसळलं असणार. काकू म्हणाल्या, वास यायलाच हवा, आता उलटव. मी विचारलं, इथे शिकवायला कोण आलंय? म्हणाल्या, आम्हीही एकमेकींना तेच विचारतोय. दुर्लक्ष केलं. बिया धुऊन उन्हात टाकल्या. तीन दिवस वाचवले. याला रिसर्च म्हणतात.

१४ मार्च
बी कापलं. आत जांभळं. ट्रेनिंगच्या पुस्तिकेत तपकिरी लिहिलंय; पुस्तिका जुनी असेल. चव कडूजहर. व्यापाऱ्यांना तशीच लागत असणार. नमुन्याची पिशवी काकूंकडे दिली, पोस्टात टाका म्हणून. एवढं तरी जमेल.

२६ मार्च
पास! केंद्रातून साहेबांचा फोन, उत्तम आंबवलंय. मी म्हणालो, पद्धत माझी स्वतःची आहे. प्रमोशन मागायचं. अंगणात बायका हसत होत्या. जळतात.

२८ मार्च
माझी पिशवी काकूंच्या दाराला टेकू म्हणून लावलेली दिसली. गाठसुद्धा सुटलेली नाही. जाब विचारला. म्हणाल्या, गाव बुडवायचं होतं का? आमच्या पेटीतल्या पाठवल्या. नमुन्यावरच्या चिठ्ठीवर नाव तुझंच ठेवलं बाळा, तुझीही नोकरी राहू दे. सरळसरळ फसवणूक. साहेबांना कळवणार होतो. मग म्हटलं, जाऊ दे, गरिबांना त्रास कशाला.

३० मार्च, सकाळी दहा
बाहेर गाडी थांबली. काकू सांगत आल्या, व्यापारी स्वतः आलाय, साहेबही सोबत. करारावर सही करण्याआधी तुझी पद्धत डोळ्यांनी बघायचीय म्हणतात, आमची पेटी नव्याने भरलेलीच आहे, तिच्यातल्या बिया उलटवून दाखव. लाकडी फावडं हातात दिलं. मी ते उलटं धरलं होतं. काकूंनी ते सरळ केलं.