चेष्टा कोणाची

रीनाताई,

नमस्कार. लिहीन लिहीन म्हणत पत्र लांबवलं, रागावू नको. इकडे हिंदी मुलखात मी मजेत आहे, जेवण बरं मिळते. आमच्या बुढापारा वस्तीतल्या तलावावर संध्याकाळी अशी हवा सुटते... ते जाऊ दे.

तू लावून दिलेली मिठाईच्या दुकानातली नोकरी आज सोडली. जिलेबी वाकडी पडली (सरळ जिलेबी कोणी पाहिली?), तर मालक मिश्राजी गिऱ्हाइकांसमोर म्हणतात, "लड़का चेष्टा तो बहुत करता है." मी काय कोणाची चेष्टा करून राहिलो होतो? तसाच तरातरा निघून आलो.

खोलीतला अश्विन पोट धरून हसला. मराठीच पोट्टा, पण बोलते हिंदीत. "अरे भाई, चेष्टा मतलब कोशिश!"

घ्या! मग कोशिश म्हणाले काय जीभ झिजते? घरातही पोथी वाचल्यासारखे बोलतात हे लोक. यांच्या मनातलं ओळखावं तरी कसं?

आईले सध्या सांगू नको. तिचा गुडघा कसा आहे? दुसरी नोकरी मिळेल, बहुतेक.

थांब, दार वाजलं. मिश्राजीच आले, हातात चप्पल घेऊन. माझीच आहे, रागात दुकानातच राहिली. आता हे द्याले आले का हाणाले?

घाईत,
तुझा प्रफुल्ल