तेवीस जणांचा एकच परिच्छेद

७ फेब्रुवारी, शनिवार

तेवीस मुलं, आणि एकालाही सरळ उभं राहता येत नाही. नाव विचारलं तर उत्तर जमिनीला देतात.

आनेकलच्या पुढचं छोटं कॉलेज. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. मुलांच्या नोकऱ्यांचं बघणारे मंजुनाथ सर म्हणाले, "मेडम, गेल्या वर्षी एकालाही लागली नाही. तुम्ही एकतीस वर्षं कारखान्याच्या भरती खात्यात होतात. स्वल्प बघा." म्हणे स्वल्प! थोडंथोडकं करायची मला सवय नाही. ६ मार्चला व्हाइटफील्डची एक कंपनी मुलाखती घेणार आहे. म्हणजे चार शनिवार.

"स्वतःबद्दल सांगा" हा पहिला प्रश्न असतोच. इंग्रजीत बारा वाक्यं फळ्यावर लिहून दिली. वडिलांचं नाव, गाव एवढ्याच जागा रिकाम्या ठेवल्या. छंद – वाचन. दोष – काम नीटच व्हावं असा हट्ट. बजावलं, एक शब्दही बदलायचा नाही.

पवित्रा नावाची मुलगी वीस मिनिटं उशिरा आली. तिला दारातच उभं केलं.

८ फेब्रुवारी

घसा बसला. अजित म्हणतात, "बसवनगुडीत माझ्यावर इतकी वर्षं ओरडून बसला नाही, आनेकलला एका दिवसात बसला?"

१४ फेब्रुवारी, शनिवार

पवित्रा पुन्हा उशिरा. पुन्हा दारात. वर्ग संपल्यावर विचारलं, "नोकरी हवी आहे की नको?" खाली बघत म्हणाली, जूनमध्ये परीक्षा संपली की औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागायचं, अम्माच्या शेजारी. अम्मानं सुपरवायझरला सांगून ठेवलंय.

"पदवी घेऊन?"

"अम्मानं विचारलं तेव्हा दुसरं काही सांगायला नव्हतं, अक्का."

अम्मा सतरा वर्षं पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यावर उभी आहे. संध्याकाळी घरी आली की तिला चप्पल काढवत नाही, इतके पाय सुजतात. हे सगळं मुलगी तक्रार न करता सांगते, बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

ठरवलं – ही लागलीच पाहिजे.

२८ फेब्रुवारी, शनिवार

तेवीसच्या तेवीस जणांचं पाठ. कुठेही अडखळणं नाही. समाधान वाटलं.

६ मार्च, शुक्रवार

एकही नाही. तेविसांत शून्य.

मी स्वतः त्यांना घेऊन गेले. काचेच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले. आतलं ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. सगळी ताठ बसली होती, सगळी न थांबता बोलली. मला वाटलं, जमलं.

दुपारी मुलाखत घेणारा सुशांत बाहेर आला. नागपूरचा आहे. माझं आडनाव ऐकून मराठीत बोलायला लागला. "काकू, राग नका मानू. तेवीस जणांची हॉबी रीडिंग. तेवीस जणांचा दोष पण सेम. सतरावा मुलगा आला, चंदन. मी विचारलं, बाबा रे, शेवटचं काय वाचलंस? तो म्हणाला, हाच पॅरेग्राफ."

"थट्टा केली त्यानं?"

"नाही ना! एकदम सीरियसली."

हसत नव्हता, पण हसू दाबत होता. मग म्हणाला, पाच जागा अजून रिकाम्या आहेत, ८ एप्रिलला पुन्हा बघतो. "पण काकू, प्लीज, पॅरेग्राफ नको."

परतीच्या बसमध्ये पवित्रानं माझी पिशवी धरली होती. ती उतरताना दिली.

७ मार्च

आज वर्ग घेतला नाही. घोकंपट्टी या मुलांच्या हाडात मुरली आहे, त्याला मी काय करणार – असं जेवताना म्हटलं. अजित ताटातून वर न बघता म्हणाले, "परिच्छेद कुणाचा होता?"

भाजी वाढली नाही त्यांना.

१४ मार्च, शनिवार

आजचं नीट लिहून ठेवायला हवं.

फळा पुसला. म्हटलं, इंग्रजी नको, कन्नडमध्येच सांगा. आज उठल्यापासून इथे येईपर्यंत काय केलंत? सगळी एकमेकांकडे बघायला लागली. यात काय सांगायचं, असा चेहरा.

चंदन उठला. त्याचे वडील नगरपालिकेच्या पाण्याच्या चाव्या फिरवतात, पण पाठीच्या दुखण्यानं दोन वर्षं वाकता येत नाही. म्हणून पहाटे चंदन जातो. अकरा चाव्या. कुठली किती फेरे उघडली की कुठल्या गल्लीला पाणी चढतं, चढावरच्या घरांना किती मिनिटं जास्त लागतात, लग्नघर असेल तर कुणाची पाळी कुणाला द्यायची – सगळं डोक्यात. मी विचारलं, कुठे लिहून ठेवलंयस? म्हणाला, "कशाला, अक्का?"

सुप्रीताच्या घराशेजारी बिहार-ओडिशाकडच्या कामगारांच्या खोल्या आहेत. आज सकाळी एका बाळंतिणीला घेऊन ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंचं कन्नड हिंदीत, त्या बाईचं हिंदी कन्नडमध्ये. वरच्या मजल्यावरच्या आजीसाठी तेलुगू. असं आठवड्यातून दोन-तीनदा.

मग पवित्रा. गावच्या डेअरीत दूध तपासायचं काम तिच्याकडे आहे, तीन वर्षं. पहाटे साडेपाच ते आठ. चौसष्ट घरं. प्रत्येकाचं दूध ढवळून नमुना घ्यायचा, यंत्रात घालायचा, फॅटचा आकडा मोठ्यानं वाचायचा. पाणी निघालं तर कॅन परत.

"लोक भांडत नाहीत?"

"भांडतात की."

मागून चंदन म्हणाला, "अक्का, तिनं स्वतःच्या अप्पांचं दूध परत केलं होतं. सगळ्या रांगेसमोर."

मी पवित्राकडे बघितलं. ती म्हणाली, "पाणी होतं."

"मग?"

"अप्पा आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी आले रांगेत. दूध चांगलं होतं."

मी खाली बसले. वर्गात मी कधी बसत नाही. पाच आठवडे या मुलांना सरळ उभं राहायला शिकवत होते मी! आणि ही मुलगी दूध तपासून, चार किलोमीटर चालत येत होती, आणि मी तिला दारात उभी करत होते.

१५ मार्च

सकाळी दूध तापवताना हात थांबला. हे कुणीतरी ढवळलं असेल, तपासलं असेल, आकडा मोठ्यानं वाचला असेल. चाळीस वर्षं तापवतेय. कधी मनात आलं नव्हतं.

२२ मार्च, रविवार

काल मंजुनाथ सरांच्या घरी मुक्काम केला आणि आज पहाटे पवित्राच्या गावी गेले. न सांगता. आधी सांगितलं असतं, तर ती नेहमीसारखी काम करताना दिसली नसती.

एका खोलीची डेअरी. बाहेर रांग. आत पवित्रा, केस घट्ट बांधलेले, हात कोपरापर्यंत ओले. मला बघितलं, मान हलवली आणि कामाला लागली. एक म्हातारे गृहस्थ आकड्यावरून वाद घालायला लागले. "काल जास्त होता. गाय तीच, गवत तेच, मीही तोच!"

पवित्रानं पुन्हा नमुना घेतला. पुन्हा तोच आकडा. "मामा, तुम्ही तेच आहात. पाऊस पडला काल, गवत ओलं होतं."

रांग हसली. मामाही.

मग तिनं हाक मारली, "नंबर एकेचाळीस." एक उंच माणूस कॅन घेऊन पुढे आला. तिनं ढवळलं, तपासलं, इतरांचा वाचते तसाच आकडा वाचला. मान वर केली नाही. तो निघून गेल्यावर शेजारची बाई माझ्या कानात म्हणाली, "कल्लाप्पा. बाप तिचा."

भरती खात्यात मी हजारो अर्ज वाचले. 'प्रामाणिक' हा शब्द प्रत्येकात असायचा. बघितला आज.

४ एप्रिल, शनिवार

आता कुणाचंही उत्तर दुसऱ्यासारखं नाही. इंग्रजी मोडकं आहे, पण प्रत्येकाचं आपापलं. मी फक्त विचारते, "पुढे काय झालं?" तेवढंच माझं काम उरलंय.

निघताना पवित्रा थांबली. "अक्का, आठ तारखेला तुम्ही येऊ नका."

"का?"

"सुम्ने." म्हणजे उगीच. पण चेहरा उगीचचा नव्हता.

लागलं मला. म्हटलं, "सरी, ठीक आहे."

८ एप्रिल, बुधवार

घरी बसले. तीन वेळा तीच उशी झटकली. अजित म्हणाले, "कापूस संपेल."

साडेचारला सुशांतचा फोन. "काकू, पाचही जागा तुमच्याच पोरांनी भरल्या. ती पवित्रा! विचारलं, कस्टमर ओरडला तर काय करशील? म्हणे, ओरडू देते. आकडा पुन्हा काढते. तोच आला तर तोच सांगते. आमच्या मॅनेजर मॅडम लिहायच्याच थांबल्या."

पवित्रा, चंदन, सुप्रीता आणि आणखी दोघं. अठरा राहिले. त्यांच्यासाठी पुढच्या कंपनीचं सोमवारपासून बघते.

पण पवित्राला पट्ट्यावर उभं राहायला नको आता.

११ एप्रिल, शनिवार

पवित्रा नेमणुकीचं पत्र दाखवायला आली होती. मी सहज विचारलं, हेच सगळं पहिल्या वेळी का नाही सांगितलंस?

"तयार होतं, अक्का. तेव्हाही. आत जाऊन बसले आणि काचेतून तुम्ही दिसलात. तुमचे ओठ हलत होते. तुमची बारा वाक्यं म्हणत होतात तुम्ही, माझ्याबरोबर. मग मी तीच म्हटली."

बाकीच्या बावीस जणांना विचारायचं धाडस झालं नाही.