बांबूवरचा लॅबकोट

शनिवार, २३ जुलै २००५, तोआ पायोह, सिंगापूर

आईने आज पुन्हा माझा ओला लॅबकोट खिडकीबाहेरच्या बांबूवरून काढून बाथरूममध्ये टांगला. का, तर वैद्यकाकू चहाला येणार होत्या. त्यांची मुलगी ज्युनियर कॉलेजला, मी पॉलिटेक्निकला. कोट दिसला की कळणार ना!

काकूंनी विचारलंच, "तुझं कुठलं ज्युनियर कॉलेज गं?" आई चिवडा वाढत राहिली. मीच म्हटलं, "पॉलिटेक्निक, काकू. केमिस्ट्रीचा डिप्लोमा. मार्क चांगले पडले तर युनिव्हर्सिटीत थेट दुसऱ्या वर्षाला." काकू "हो का?" म्हणाल्या, आजाऱ्याशी बोलावं तशा.

आणि नाही मिळाली ॲडमिशन तर? भीती वाटते, इथे खोटं कशाला लिहू? पण बाबाही पुण्यात दहावीनंतर डिप्लोमा करूनच थेट दुसऱ्या वर्षाला गेले. ते आई कौतुकाने सांगते. मी तेच केलं तर बाथरूम?

काकू खाली बसस्टॉपवर पोचल्या असतील-नसतील, तोच मी कोट पुन्हा बांबूवर चढवला. सिल्व्हर नायट्रेटचा काळा डाग मुद्दाम रस्त्याच्या बाजूला.

"अगं, त्यांना दिसेल!" आई ओरडली.

"दिसू दे."

बाबांनी चिमटे पुढे केले.