दातातलं सोनं

आई, आज मी एमआरआय काढून आले. मान कितीतरी दिवस दुखतेय म्हणून. अमरावतीचंच ते सेंटर, ज्याच्या बाकावरून तू उठून चालती झाली होतीस. आत नेण्याआधी तिथल्या मुलीने विचारलं, "दातांत काही बसवलंय?" म्हटलं, दाढेवर कॅप आहे, बरीच जुनी. "पक्की बसली आहे न? मग राहू द्या. निघणारी कवळी असती तर काढायला लावली असती. कॅपमुळे फार तर तोंडाजवळचं चित्र थोडं खराब येईल." संपलं. तुलाही तिथल्या माणसाने हेच सांगितलं होतं.

तुझ्या समोरच्या दातात सोन्याचा ठिपका बसवलेला होता. तुझी आई गेली तेव्हा तिच्या तोंडात घालायला घरात गुंजभर सोनं सापडलं नाही, हे तू आयुष्यभर विसरली नाहीस. म्हणून अकोल्याच्या जुन्या शहरात भाजी विकायला लागल्यावर तू आधी दातात सोनं बसवून घेतलंस, कानात नंतर. चुलीपुढे बसून भाकरीसुद्धा बाजूच्या दातांनी तोडायचीस. तेव्हा मला हसू यायचं. आता येत नाही.

तुझा उजवा हात बधिर होत चालला होता. तराजूत टाकता टाकता वांगी गळून पडायची. डोक्यात काय आहे ते पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि मी तुला याच सेंटरला आणलं. अजून डोळ्यांसमोर आहे, बाकावर तुझ्या शेजारी आत्या बसलीय, तुझ्या कानाशी लागलीय. "वयनी, थे मशीन लोखंड ओढते, मंग सोन्याले सोडते का? दातासकट उपटून नेईन." तिथला माणूस परोपरीने सांगतोय, चुंबक सोन्याला ओढत नाही, घट्ट बसवलेल्या दाताला भीती नसते, आम्ही विचारून-तपासूनच आत नेतो. मी तुझ्या पाया पडते. तू तोंडावर पदर धरून उठतेस. "मले काही नाही झालं. काहून मागं लागून राहिली? चाल घरी." उन्हातान्हात भाजी विकून मला शिकवलंस, आणि ऐकलंस मात्र आत्याचं.

दिवाळीच्या आत तू गेलीस. मशीनने तू वाचली असतीस असं मी म्हणत नाही. पण काय झालं होतं, ते तरी कळलं असतं. आणि शेवटी काय? आत्याने तुळशीच्या पानाबरोबर तुझ्या तोंडात सोन्याचा मणी घातलाच. मी ओरडले, "अगं, तिच्या दातात आहे ना सोनं!" आत्या डोळे पुसत म्हणाली, "असू दे न. थे दाताचं झालं. तोंडाचं येगळं." ज्या सोन्यासाठी तू बाकावरून उठलीस, ते कुणी हिशेबात धरलंसुद्धा नाही, आई.

इतकी वर्षं मी तुला मनातल्या मनात अडाणी म्हणत आलेय. राग अजून गेलेला नाही. हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण पुढचं वाचून तू आत्याला हाक मारून सांगितलं असतंस. आज मशीनची ठकठक सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत मी ती कॅपची दाढ जिभेने दाबून धरली होती.