सगळ्याच दुर्बिणी हलतात

वूल्फ कूली, मोन्टाना
१९ ऑगस्ट

तीर्थस्वरूप लव्हॉन वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (म्हणजे गुडघे वाकू देतील तितकाच, उरलेला समजून घ्यावा). तुमचा नवा खुबा आता रुळला असेल आणि ॲरिझोनाच्या उन्हात तुम्ही काठी न घेता फिरत असाल अशी आशा आहे. मांजरीचं दुखणं कसं आहे? मागच्या फोनवर तुम्ही स्वतःबद्दल दोन मिनिटं आणि तिच्याबद्दल वीस मिनिटं बोललात, त्यावरून तुमची तब्येत उत्तम आहे असं मी धरून चालले आहे.

इकडे आम्हीही खुशाल आहोत. गवत कापून, गठ्ठे बांधून झालं. बटाटे बरे आलेत. वेगळं असं काही नाही. एक माझ्या कपाळावर अर्धचंद्र उमटला आहे, एक तुमचे बंधुराज जूनपासून धड बोलत नाहीत, आणि एक मला मेंढा लागला. लागला म्हणजे लॉटरी लागली. डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना, वन्सं, तोही माझ्या नावावर!

तुम्ही पाहिलंच आहे, दर वसंतात डेल्मर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोन अर्ज घेऊन बसतात, एक स्वतःच्या नावाचा आणि एक माझ्या. (आपल्या भागात बायकोच्या नावानं अर्ज न टाकणारा शिकारी नवरा शोधून सापडायचा नाही. बायकोला शिकारीची हौस आहे का, हे कुणी विचारत नाही.) मी लेफ्सेचं, म्हणजे बटाट्याच्या पोळ्यांचं, पीठ मळता मळता, हात न धुता सही करते. एकतीस वर्षं माझ्या पिठाची बोटं सरकारदरबारी जात आहेत. तीस वर्षं दोघांनाही नकार येत होता आणि डेल्मर म्हणत होते, "पुढच्या वर्षी बघ." यंदा जूनमध्ये पत्र आलं ते व्हर्ना ट्वेट या नावानं. हा परवाना दुसऱ्याला देता येत नाही. ज्याच्या नावानं आला त्यानंच डोंगर चढायचा आणि त्यानंच चाप ओढायचा.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "छान झालं," म्हणाले. मग टोपी घालून शेडमध्ये गेले आणि दोन दिवस गठ्ठे बांधायचं यंत्र दुरुस्त करत बसले. यंत्राला काहीही झालेलं नव्हतं. दोन दिवसांनंतर मात्र झालं.

मला वाटलं, माणूस जळला. खरं सांगते, मला रागही आला. एकतीस वर्षं माझं नाव फुकट वापरलंत, आणि आता ते नाव कामाला आलं तर तोंड पाडायचं? वर म्हणाले, "तू स्टेन्सरूडांच्या आर्विडला घेऊन जा वर. मी खाली ट्रकपाशी थांबेन. कुणीतरी थांबायला हवंच." आर्विड स्टेन्सरूड म्हणजे आपल्या नेमबाजी क्लबचे अध्यक्ष. माणूस चांगला आहे, पण चार दिवस एका तंबूत त्याचं बोलणं ऐकण्यापेक्षा मी मेंढ्याच्या बाजूनं उभी राहीन. आणि खरं म्हणजे मला डेल्मरशिवाय तो डोंगर चढायचाच नाही. तो डोंगर त्यांचा आहे. मुलं झाली तेव्हाही दवाखान्याच्या खिडकीतून ते त्याच्याकडेच बघत उभे होते.

तेव्हा मी एक युक्ती केली. म्हटलं, "ठीक आहे, नका येऊ. पण बंदूक तरी निवडून द्या." माझ्या आईची जुनी बंदूक दीडशे यार्डांपलीकडे नुसता आवाज करते. हरणं आपल्या कुंपणापाशी येतात, त्यांना ती पुरते. मेंढा कुठून यायला कुंपणापाशी? आणि अडुसष्टाव्या वर्षी माझे गुडघे मला त्याच्याजवळ नेणार नाहीत. म्हणजे लांब पल्ल्याची बंदूक हवी, आणि ती वर्षभर क्लबात पोलादी पाट्यांवर नेम धरायलाही चालायला हवी, कारण चार दिवसांच्या शिकारीसाठी नवी बंदूक घेणं आमच्या दोघांच्याही अंगवळणी नाही. डेल्मरांचे डोळे एकदम चमकले. वन्सं, तुमच्या भावाला बंदूक विकत घेण्यापेक्षा बंदूक निवडणं जास्त आवडतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

पण एकाच बंदुकीनं दोन्ही कामं करायची म्हणजे एकाच बुटानं नाचायचंही आणि शेणही काढायचं. नेमबाजीची बंदूक जड हवी, म्हणजे ती जागची हलत नाही. डोंगरावरची हलकी हवी, म्हणजे माणूस जागचा हलू शकतो. पहिली आर्विडनं स्वतःची आणून दिली. सोळा पौंडांची, नळी माझ्या मनगटाएवढी. सहाशे यार्डांवरच्या पाटीवर ती अशी बसते की बघत राहावं. मी ती उचलून ट्रकपर्यंत गेले आणि तिथेच बसले. मेंढा मारला असता तरी तो वर सोडून बंदूक खाली आणावी लागली असती.

दुसरी बर्नेल ऑस्बींच्या दुकानातली. बर्नेल तुम्हाला आठवेल, शाळेत तुमच्या पुढच्या बाकावर रडायचा तो. आता पोट सुटलं आहे आणि रडत नाही, विकतो. त्यानं एक मॅग्नम काढली, काडतूस दांडगं पण बंदूक अगदी हलकी, डोंगरासाठीच केलेली. "ही घे व्हर्ना. हिची गोळी वाऱ्याला भीक घालत नाही. वारा सांगायला शेजारी माणूस लागत नाही हिला, आपलं बघायचं आणि ओढायचं." मी क्लबात जाऊन बघितलं आणि ओढलं. बंदूक हलकी असली की धक्का सगळा माणसानं सोसायचा असतो, हे बर्नेल सांगायला विसरला होता. बंदुकीवरच्या दुर्बिणीची कड येऊन कपाळावर बसली. पाटीला काही झालं नाही.

त्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी कपाळावरचा अर्धचंद्र घेऊन उभी राहिले तर बायका माझ्याकडे बघेनात, डेल्मरांकडे बघायला लागल्या. मी सांगत होते, "अगं, दुर्बीण लागली." त्या म्हणत होत्या, "हो गं बाई, दुर्बीणच लागते." त्या दिवशी हकलबेरीचा केक सगळ्या टेबलांवर फिरला, पण डेल्मरांच्या टेबलावर पोचला नाही. पास्टरांनी त्यांना बाजूला घेऊन संयमावर दोन शब्द सांगितले म्हणे. घरी येताना डेल्मर एवढंच म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी काहीच केलं नाही, तर ही शिक्षा." जूनपासूनचं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं, म्हणून मी टिपून ठेवलं आहे.

तिसरी बंदूकही बर्नेलकडचीच, मधल्या वजनाची, लहान काडतुसाची, गोड स्वभावाची. तिचा धक्का म्हणजे वासरानं ढुशी द्यावी इतकाच. पण तिच्यातही खोट निघाली. खोट म्हणजे तीच, जी डेल्मरांना आधीच्या दोघींतही सापडली होती. ते बंदूक खांद्याला लावायचे, दुर्बिणीतून बघायचे आणि खाली ठेवायचे. "हिची दुर्बीण हलतेय."

बर्नेलच्या काउंटरवरून मागच्या माळावरची एक पाटी दिसते, तिच्यावरच ते नेम धरत होते. बर्नेलनं पेचकस आणून सगळे स्क्रू तपासले. "काही हलत नाही, डेल्मर. पक्की आहे."

"मला शिकवतोस? पाटी इकडून तिकडे पळतेय!"

"पाटी लोखंडी आहे. जमिनीत पुरलेली आहे."

"मग दुर्बीणच हलतेय. हल्लीच्या सगळ्याच हलतात. आधीच्या लोकांनी बनवलेल्या बघ, दगडासारख्या असायच्या."

मी म्हटलं, बघू तरी. त्यांच्या हातून बंदूक घेतली आणि डोळा लावला. वन्सं, पाटी जागच्या जागी होती. चुन्यानं रंगवलेली, एका कोपऱ्यात गंज चढलेली, खिळ्यानं ठोकल्यासारखी स्थिर. "अहो, हलत कुठे आहे?" असं मी म्हणणारच होते. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. तो काउंटरवर होता आणि काडतुसांचा पुठ्ठ्याचा डबा त्याच्या शेजारी टकटक वाजत होता. त्यांनी हात काढून खिशात घातला. डबा वाजायचा थांबला.

"हो," मी म्हटलं, "जरा हलतेय खरी."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी दोनदाच खोटं बोलले आहे. (पहिलं तुम्ही लग्नात दिलेल्या हिरव्या दिव्याबद्दल होतं. आता सांगून टाकते, मला तो कधीच आवडला नाही.) बर्नेल माझ्याकडे बघत राहिला. मग तोही म्हणाला, "कारखान्याला कळवतो." माणूस चांगला आहे. लहानपणी उगाच रडत नसावा.

त्यानंतर एकेक आठवायला लागलं. कॉफी अर्धाच कप घ्यायला लागले होते. दाढी करताना दार लावून घ्यायला लागले होते. घरी येऊन मी परवान्याचा खण उघडला, माझा परवाना कुठे ठेवलाय ते बघायला. त्यांची शिस्त तुम्हाला माहीत आहे: दर वर्षाच्या दोन अर्जांच्या दोन पोच, एका टाचणीत. तीस टाचण्या, तीस जोड्या. यंदाच्या टाचणीत एकच पोच होती. माझी.

त्यांनी स्वतःचा अर्ज टाकलाच नव्हता, वन्सं. तीस वर्षं ज्या मेंढ्यासाठी माणूस थांबला, त्याच्या रांगेतून तो यंदा गुपचूप बाहेर पडला आणि मला एकटीला उभी करून गेला. आणि मी दोन महिने म्हणत होते, जळले! मी त्या खणाशी बसून खूप रडले. मग लेफ्से केले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी तिसरी बंदूक क्लबात नेली. बर्नेलनं ती आठवडाभरासाठी दिली आहे. वारा दरीतून आडवा येत होता. मी सहाशे यार्डांवर पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही मातीत गेल्या. डेल्मर मागे बाकावर बसले होते, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. सहावी भरली तेव्हा त्यांना राहवलं नाही. ते येऊन माझ्या शेजारी पालथे पडले आणि तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला. तिला हात लावावा लागत नाही.

"मधल्या ओहोळापाशी गवत बघ. इथलं नको बघूस, इथला वारा खोटा आहे."

"बघतेय."

"थांब. अजून थांब. अगं, घाई कसली, पाटीला कुठे जायचंय? हां, आता पडतोय वारा. डावी कड धर. सोड."

किती वेळानं तो आवाज येतो तिथून! आधी काहीच नाही, मग लांबून टण्ण. डेल्मर हसले. जूननंतर पहिल्यांदा. मग लगेच मास्तरकी सुरू केली, की पाटीला दुखत नाही म्हणून सहाशे ठीक आहे, पण मेंढ्यावर तीनशेच्या पुढे झाडलीस तर मी तुला ओळखत नाही. तेवढं जवळ जायचंच, गुडघे रडले तरी. मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. त्यानंतर आठ गोळ्या झाडल्या, सात वाजल्या. आठवी चुकली ती मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून.

तर प्रश्न असा आहे, की वाऱ्याला भीक न घालणारी मॅग्नम घ्यावी, की ही वासरासारखी? तुमचं मत कळवावं. तुमच्या वडिलांच्या घरात बंदुकांबद्दल सगळ्यात कमी बोलणाऱ्या तुम्हीच होतात, म्हणून विचारते. मांजरीला माझा आशीर्वाद.

तुमची आज्ञाधारक (हिरवा दिवा सोडून),
व्हर्ना

ता. क. लोणच्याच्या मिरच्या पाठवाल का? इथल्या मिरच्या आपल्या चर्चच्या लोकांसारख्या ल्युथरन आहेत, कुणाला दुखवत नाहीत.

दुसरा ता. क. मिरच्या नाही पाठवल्यात तरी चालेल. पत्र त्यासाठी नव्हतं, बंदुकीसाठीही नव्हतं. मामंजींचा हात शेवटच्या वर्षांत असाच हलायचा, आणि त्यांना घास भरवलेत ते तुम्ही. मी बोलले तर डेल्मर शेडमध्ये जातील आणि उरलेली यंत्रंही बिघडतील. रविवारी फोन कराल ना? आधी बंदुकांबद्दल बोलू द्या त्यांना, अर्धा तास लागेल. मग मामंजींच्या हाताची आठवण काढा, आणि डॉक्टरचं सांगा. तुमचं ते ऐकतात. मी सांगितलं असं सांगू नका.

तिसरा ता. क. तुमच्या मताची वाट न बघता आज वासरासारखीच घेऊन टाकली. डेल्मरांना वाटतं, मी कपाळाला घाबरले. मी हो म्हटलं, म्हणजे आता खोटं तीनदा झालं. मॅग्नमला वारा सांगायला माणूस लागत नाही असं बर्नेल म्हणाला होता ना, म्हणून ती परत दिली. हिला लागतो. पंधरा सप्टेंबरला आम्ही दोघं वर जातोय.