पाण्याची गोळी

अव्वा,

काल तुझं पुण्यस्मरण होतं. जुळे सोलापुरात दादाच्या फ्लॅटवर आम्ही सगळे जमलो होतो. वहिनीनं सगळं तुझ्या आवडीचं केलं होतं, फक्त शेंगाचटणी नव्हती. माझ्या लेकानं मागितली तर दादा म्हणाला, "आजच्या दिवशी नको बाबा. त्या चटणीनंच तुझी आजी गेली." दरवर्षी म्हणतो तो. लेक आता कॉलेजात जातो; त्याच्या डोक्यातही आजी म्हणजे जिभेचे चोचले पुरवणारी म्हातारी एवढंच राहणार, याचं मला फार वाईट वाटलं.

गेल्या महिन्यात मलाही बीपीच्या गोळ्या लागल्या. सात रस्त्याजवळच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदयाचं चित्र काढून सगळं समजावलं. एक गोळी रक्तवाहिन्या सैल करते, मग हृदयाला रक्त ढकलताना तेवढा जोर लावावा लागत नाही. दुसरी पाण्याची. ती मूत्रपिंडांकडून मीठ बाहेर टाकून घेते, मिठामागोमाग पाणी जातं आणि भार हलका होतो. तुझी तिसरीही होती, ठोके सावकाश करणारी, दोन ठोक्यांमध्ये हृदयाला जरा विसावा देणारी. "बीपी आटोक्यात आलं म्हणून बंद करायच्या नाहीत हं," त्या म्हणाल्या, "गोळ्या त्याला धरून ठेवतात, सोडल्या की ते परत चढतं." मग सहज विचारलं, "प्रवास असतो का तुम्हाला? असला तर पाण्याची गोळी पोचल्यावर घेतली तरी चालेल तुम्हाला." एवढंच बोलल्या त्या. मी पिशवी घेऊन बाहेर आले आणि रिक्षा समोर उभी असूनही चालतच घरी निघाले.

तू त्या पाण्याच्या गोळीला कानडीत नीरिन गुळिगी म्हणायचीस. घेतली की दोन-तीन तास तुझी लघवीसाठी नुसती उठबस. तेव्हा मी बार्शीला नोकरीला, लेक वर्षाचाही नव्हता, आणि तू दर सोमवारी सकाळच्या एसटीनं दादाकडून माझ्याकडे येऊन शनिवारी परत जायचीस. वाटेत बस थांबायची ती पाच मिनिटं. माझ्या भाड्याच्या खोलीचा संडास खाली, परसात. पोराला एकट्याला वर टाकून सारखं जिने उतरणं तुला जमणारं नव्हतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, अव्वा. मला ते दिसलं नाही.

दिसले ते तुझे सुजलेले पाय. तू ओट्याशी भाकरी थापते आहेस, मधेच थांबून दम घेते आहेस. मी खाली बसून तुझ्या घोट्यावर बोट दाबते, तर खळगा तसाच राहतो. फळीवर चटणीची बरणी आहे. तू दर सोमवारी माझ्यासाठी कुटून आणायचीस ती. मी उठते आणि शेजारच्या काकूंच्या देखत म्हणते, "चोरून खातेस ना? मीठ बंद सांगितलंय डॉक्टरांनी. एवढासुद्धा ताबा नाही का जिभेवर?" तू हाताचं पीठ झाडतेस. "बरं बाई, ठेव की तिकडं. न्हाई खात." मी बरणी कपाटात ठेवून कुलूप लावते. शिकलेली होते ना मी, मीठ पाणी धरून ठेवतं हे मला ठाऊक होतं.

दोन महिन्यांत तुला दवाखान्यात आणावं लागलं. ऑक्सिजनची नळी नाकाला, आणि सिस्टरनं विचारलं, "आजी, गोळ्या रोज घेत होता ना?" दादा औषधं आणायला खाली गेला होता. तू थांबत थांबत म्हणालीस, "बाकीच्या घेती की. पाण्याची तेवढी न्हाई. बसमदी कुटं जायाचं? आन् तितं पोरगं एकटं असतंय." मग माझ्याकडे बघून, "दादाला नको सांगू. लई रागवंल. तुझ्याकडं येऊ द्याचा न्हाई परत." मी हो म्हणाले. तीन दिवसांनी तू गेलीस.

तुला शब्द दिला होता म्हणून मी गप्प आहे, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. पण तू तो शब्द मागितलास तो बरी होऊन पुन्हा सोमवारची बस धरायची होती म्हणून. तू गेल्यावर तो पाळण्यात काय राहिलं होतं? मला दादाची भीती वाटत होती, एवढंच. ही पानं खरं तर त्याच्या हातात द्यायला हवीत. देणार नाही, हे लिहितानाच कळतंय मला.

आणि अजून एक आहे. चटणीचं दादानं स्वतःच्या मनानं काढलेलं नाही, अव्वा. त्या दिवशी तो औषधं घेऊन वर आला, दारातच मला विचारलं, "असं कशानं झालं गं?" तुझं बोलणं ऐकून मला पाच मिनिटंही झाली नव्हती. मी म्हणाले, "चटणी खायची चोरून."